एका जागेचा कौल

आमच्या वाडीत एकाच दिवशी तीन लिफाफे आले आणि वाडीने दोनच मोजले. तिसरा माझा होता. म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिच्यात मी अगदी शेवटी येईन, आणि तेही दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारी म्हणून.

साल एकोणीसशे पंच्याऐंशी. जामसंड्याच्या पलीकडे जो सडा आहे, म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं माळरान, त्यावर मुंबईच्या एका कंपनीने आंब्याचा रस डब्यात भरायचा कारखाना बांधायला घेतला होता. आमच्या वाडीतून चालत अर्ध्या तासावर. कंपनीने पेपरात जाहिरात दिली: सॉर्टिंग सुपरवायझर, एक जागा, किमान बारावी पास, फळांची माहिती असल्यास प्राधान्य. सॉर्टिंग म्हणजे आंबे निवडणं. हे काम आमच्या घरात जन्मल्यापासून चालू होतं, पण त्याला असं भारदस्त नाव आहे हे मला तेव्हा कळलं.

वाडीतून तिघांनी अर्ज केले. एक लवू, देवळाचे मानकरी गुरुदासकाका यांचा मुलगा. बारावीला दोनदा बसला आणि दुसऱ्यांदा पास झाला. दुसरा मधू. वडील नाहीत, आईने शेण-माती करून वाढवला, कोल्हापूरला नातेवाइकांकडे राहून बी.एस्सी. झाला आणि दोन वर्षं घरी बसून होता. आणि तिसरी मी, सुगंधा. वय बावीस, बारावी पास. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साठ कलमं होती. हंगामात आंबा उतरवला की आढी घालायची, म्हणजे पेंढ्यावर आंबा पिकत ठेवायचा, आणि मग त्यातला मुंबईला जाण्यासारखा कोणता आणि घरी आमरसाला कोणता हे निवडायचं, हे गेली चार वर्षं माझंच काम होतं. अप्पांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ते मात्र लोकांना सांगत की त्यांचा हात बसलेला आहे.

मला ती नोकरी हवी होती, आणि का हवी होती तेही सांगून टाकते. मुंबईला माझा भाऊ चाळीत राहायचा. त्याला दोन मुलं होती आणि वहिनीला, विमलाला, पुन्हा दिवस गेले होते. जून महिन्यात मला तिकडे पाठवायचं ठरलं होतं. पोरं सांभाळायची, वहिनीचं बाळंतपण करायचं, आणि तिकडेच एखादं स्थळ बघून उजवून टाकायचं. कुणी मला विचारलं नव्हतं. नोकरी मिळाली तर मी राहणार होते, नाही तर जूनमध्ये माझी ट्रंक बांधली जाणार होती. बाकी काही मधलं नव्हतं.

मुलाखतीची पत्रं फेब्रुवारीत आली. पोस्टमनने वाडीच्या तोंडाशीच सांगून टाकलं की तिघांना बोलावलंय. दुसऱ्या दिवशी गुरुदासकाकांनी मधूला आणि त्याच्या आईला देवळात बोलावलं. त्यांचं म्हणणं असं, की जागा एक, वाडीचे झील, म्हणजे मुलगे, दोन. दोघं भांडून मुंबईवाल्यांपुढे वाडीची शोभा होणार. त्यापेक्षा देवीला विचारू. ती ज्याला देईल तो घेईल, दुसऱ्याने मागे राहायचं. मधूच्या आईला मानकऱ्यांना नाही म्हणायची सवय नव्हती. मधूलाही नव्हती.

कौल म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण सांगते. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे प्रश्न मांडतो, आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. त्या दिवशी महादू गुरवाने विचारलं की ही नोकरी लवूला मिळायची असेल तर उजवा कौल दे. पाच मिनिटांत उजवा लागला. लवूने देवीला दंडवत घातला आणि बाहेर येऊन मधूच्या खांद्यावर हात ठेवला. मधूने त्याला नारळ दिला. हे सगळं मला अप्पांनी सांगितलं, कारण ते तिथे हजर होते.

मी अप्पांना विचारलं, माझंही पत्र आलंय, माझं नाव का नाही घातलं. ते चुना मळत होते. त्यांना प्रश्नच कळला नाही असं त्यांनी दाखवलं, आणि मी तिथून हलत नाही म्हटल्यावर बोलले.

“तुझा नाव कशाक घालूचा? तू खंय हय ऱ्हवतलंस? आज ना उद्या लगीन होवन जातलंस.”

मला राग आला. देवीचा नाही, अप्पांचा आला. देवीला बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं की तिसरीही आहे. पण रात्रभर चुलीजवळ फणफणल्यावर माझ्या लक्षात आलं की यात माझा तोटा काहीच नाही. मधूने मागे राहायचं कबूल केलं होतं. मी कशालाच हो म्हटलं नव्हतं. ज्यांनी मला मोजलं नाही त्यांनी मला बांधलंही नव्हतं.

मुलाखती एका शाळेच्या दोन खोल्यांत होत्या. आम्ही तिघं एकत्रच चालत गेलो. लवूच्या कपाळाला अंगारा आणि खिशात देवीचं फूल. मधू सगळ्यात मागे. तिथे पोचलो तर पंचेचाळीस जण आधीच बसलेले. मालवणहून आलेले होते, कणकवलीचे होते, एक फोंडाघाटचा मुलगा तर पहाटेच्या गाडीने निघून दोन बस बदलून आला होता आणि त्याचा नवा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. पत्रात लिहिलं होतं, सकाळी नऊ वाजता हजर राहावे. साहेब आले साडेअकराला. मग एक शिपाई आला आणि त्याने इंग्रजी अक्षरांप्रमाणे नावं वाचली. त्यामुळे ज्यांची आडनावं सावंत आणि तावडे, ते संध्याकाळपर्यंत बसणार हे उघड झालं. पाण्याची कळशी एक, तांब्या एक. साहेबांसाठी दोनदा चहा गेला. आमच्याकडे शिपायाने बघून न बघितल्यासारखं केलं.

बायका आम्ही चौघी होतो. आम्हाला पेटी वाजवायच्या खोलीत वेगळं बसवलं. तिथे मालवणच्या एका मुलीने मला सांगितलं की तिची ही सातवी मुलाखत, आणि सगळीकडे शेवटी एकच सांगतात, ‘कळवू’. तिने डबा आणला होता. आम्ही दोघींनी वाटून खाल्ला. तिचं नाव मी विचारलं नाही याचं मला पुढे वाईट वाटलं.

आधी लेखी परीक्षा झाली, एक तासाची. थोडं गणित, थोडं इंग्रजी, फळं टिकवण्याविषयी चार प्रश्न. इंग्रजीत मी गटांगळ्या खाल्ल्या. मधूचा पेपर अर्ध्या तासात झाला आणि तो पेन बंद करून खिडकीबाहेर बघत बसला. त्याने पेपर पूर्ण का लिहिला हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे तो म्हणाला की लिहिताना त्याचा हात थांबलाच नाही. लेखी परीक्षेबद्दल देवळात कुणी बोललं नव्हतं, फक्त नोकरीबद्दल बोलले होते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

मग तोंडी. आत दोघं होते. एक कारखान्याचे मॅनेजर, करड्या केसांचे, बुशशर्ट घातलेले. दुसरे मुंबईच्या ऑफिसातले, टाय लावलेले, फेब्रुवारीतल्या देवगडच्या उकाड्यात टाय लावून रुमालाने मान पुसणारे. टेबलावर एका ताटात दहा हापूस ठेवलेले. हंगामाचे पहिले आंबे, कुठून तरी मुद्दाम मागवलेले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच: यातल्या कोणत्या आंब्यात साका आहे? साका म्हणजे हापूसच्या आत कधीकधी गर पांढरा, स्पंजासारखा होतो तो दोष. रसात एक जरी साक्याचा आंबा गेला तरी चव जाते.

लवू माझ्या आधी गेला. दार अर्धं उघडं होतं, आणि मी कान देऊन ऐकत होते हे मी लपवत नाही. लवूने आंबे हातात घेतले, वास घेतला, आणि चार बाजूला काढले. हे चार, म्हणाला. टायवाल्यांनी विचारलं, खात्री आहे? लवू म्हणाला, शंभर टक्के. आता लवू काही अगदीच ढ नव्हता. आंब्याच्या वाडीत वाढलेला मुलगा, त्याला माहीत असायला हवं होतं. पण देवीने नोकरी दिलेलीच होती. त्याचा हात जिथे पडेल तिथे साका असणार, असा त्याचा भरवसा. शिपायाने चारही आंबे कापले. चारही केशरासारखे. लवू बाहेर आला तो हसतच. उरलेल्या सहांत असेल, आणि नसला तरी काय बिघडतं, असं तो मला म्हणाला.

मला बोलावल्यावर ताटात नवे दहा आंबे होते. मी एकाला हात लावला नाही. म्हटलं, साहेब, साका बाहेरून ओळखता येत नाही. कापावाच लागतो. जो म्हणतो मला ओळखता येतो तो थाप मारतो. पण कलम कुठलं, आंबा उन्हातल्या फांदीचा की सावलीतला, उतरवून किती दिवस झाले, उतरवल्यावर तापलेल्या कातळावर ठेवला होता का, हे विचारून घेतलं तर कोणत्या ढिगात साका जास्त निघेल हे सांगता येईल. त्या ढिगातले दहा कापून बघायचे. मॅनेजर पुढे वाकले. टायवाल्यांनी मान पुसली आणि विचारलं, लग्न कधी ठरलंय? मी म्हटलं, आंब्याचा हंगाम संपल्यावर विचार करीन. मॅनेजर हसले. टायवाले हसले नाहीत. मग इंग्रजीत काहीतरी विचारलं, मला निम्मं कळलं, त्या निम्म्याचं मी मराठीत उत्तर दिलं. शेवटी ते म्हणालेच, कळवू.

मधू सर्वात शेवटी गेला, सहा वाजता. बाहेर आम्ही दोघंच उरलो होतो, लवू आणि मी. आतून प्रश्न ऐकू येत होते, उत्तर नाही. साका कोणत्या आंब्यात आहे? शांतता. बरं, साका कशामुळे होतो? शांतता. तुम्ही बी.एस्सी. आहात ना? त्याला त्याने हो म्हटलं बहुतेक. मग दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, आणि मधू मूग गिळून बसलेला. दहा मिनिटांनी तो बाहेर आला. चेहरा कोरा. लवूने त्याच्या पाठीवर थाप मारली. खरा मित्र आहेस, म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

परतताना लवू जामसंड्याच्या बाजारात कुणाला भेटायला थांबला आणि सड्यावरून आम्ही दोघंच चाललो. मी मधूला सरळ विचारलं, येत नव्हतं की बोलला नाहीस. 

“साको भायरसून वळखाक येणा नाय, ठावक आसा माका,” तो म्हणाला. “सगळी उत्तरां ठावक होती. पण देवीसमोर हो म्हणान बसलंय. तोंड उघडूक झाला नाय.”

मी म्हटलं, हा शुद्ध वेडेपणा आहे. तो म्हणाला, असेल. आणि मग म्हणाला की आईचं आयुष्य त्याच वाडीत जायचंय, मानकऱ्यांच्या पाण्यावर, मानकऱ्यांच्या वाटेवर. मला त्याची कीव आली आणि थोडा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

शिमगा संपला, आणि नंतरच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. एकच आलं, माझ्या नावाचं. अठरा मार्च, सोमवार, सकाळी आठ वाजता हजर व्हावे, पहिले तीन महिने शिकाऊ म्हणून. मी पत्र तीनदा वाचलं. माईने, माझ्या आईने, ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि देवाजवळ ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी गुरुदासकाका आले. ओटीवर बसले, पाणी प्याले, अप्पांच्या डोळ्यांची चौकशी केली. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत, त्यांना गरज पडत नसे.

“देवीन नोकरी लवूक दिली, अप्पा. कंपनीक ता म्हायत नाय,” ते म्हणाले. “तुझ्या चेडवान नको म्हणान लिवन दिल्यान की झाला.”

चेडू, म्हणजे पोरगी, म्हणजे मी, आतून ऐकत होते. अप्पांनी माझी बाजू घ्यावी असं मला वाटत होतं, आणि ते घेणार नाहीत हेही ठाऊक होतं. अप्पा म्हणाले, तुम्ही म्हणता ते खरं, पण पत्र तिच्या नावाचं आहे, तर पुन्हा एकदा देवीलाच विचारू. म्हणजे माझ्यापुढेही नको आणि मानकऱ्यांपुढेही नको. सगळं देवीवर ढकलून मोकळे. गुरुदासकाकांना ते पटलं. दिवस ठरला सोमवारचा, अठरा तारखेचा, कारण त्याआधी त्यांच्या घरी सोयर होतं आणि त्यांना देवळात जाता येत नव्हतं. वेळ सकाळी साडेसहाची. कौल लागायला किती वेळ लागतो, पाच मिनिटं, असं अप्पा मला म्हणाले. उजवा लागला तर तू जागा सोडायची, डावा लागला तर खुशाल जा.

त्या सहा दिवसांत मला झोप लागली नाही. देवीवर माझा विश्वास होता, अजूनही आहे. तिने मला विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं ते मी मनात घोळवत होते. पण ती विचारणार नव्हती, महादू गुरव विचारणार होता, आणि महादू गुरवाला देवळाच्या वतनातली जमीन गुरुदासकाकांच्या घराण्याकडून कसायला मिळाली होती. आता तो पाकळ्या कशा चिकटवतो याविषयी मी काही बोलत नाही. मी पाहिलेलं नाही.

सोमवारी मी सकाळी पाचला उठले. नवी सुती साडी नेसले, पिशवीत पत्र, पेन आणि डबा घेतला. अप्पा म्हणाले, डबा कशाला, आधी कौल तर लागू दे. माईने डब्यात लोणच्याची आणखी एक फोड घातली आणि झाकण नीट दाबलं.

देवळात पंधरा-वीस माणसं होती. लवू खांबाला टेकून उभा, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मधू दारात. महादूने पाकळ्या चिकटवल्या, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. गाऱ्हाणं घातलं. सुगंधा अमक्या घराण्यातली, अमक्याची लेक, हिने ही जागा सोडून द्यायची असेल तर माउली उजवा दे. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मी पण म्हटलं.

पाकळ्या हलल्या नाहीत. पाऊण तास गेला. महादूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा व्हय म्हाराजा. उन्हाची तिरीप गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. कुणीतरी खोकलं, कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की देवी रागावली आहे. अप्पा डोळे मिटून उभे होते. सव्वासात झाले. साडेसात व्हायला आले. कौल लावून बसलेल्याने कौल लागेपर्यंत उठायचं नसतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळी वाडी त्या रीतीवर वाढली. आणि कारखान्याचं फाटक आठला उघडणार होतं. पहिल्याच दिवशी उशिरा आलेल्या शिकाऊ मुलीला दुसरा दिवस मिळत नाही एवढं मलाही कळत होतं.

मी पुढे गेले. देवीला हात जोडले. 

“महादूकाका, माझा नाव देवीसमोर आज पयल्यांदा घेतलात. तिका इचार करूक वेळ लागतलो,” मी म्हटलं. “मी कामावर जातंय. कौल लागलो काय फॅक्टरीत सांगून धाडा.”

कुणी अडवलं नाही. अडवायचं कसं हे कुणाला ठाऊक नसावं, असं आजवर कुणी केलंच नव्हतं. मी चपला घातल्या आणि सड्याच्या वाटेने जवळजवळ धावत सुटले. आठला दोन मिनिटं कमी असताना मी फाटकात होते. दिवसभरात वाडीतून निरोप आला नाही. त्या दिवशी कोणती पाकळी पडली ते मी नंतर कधी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलं नाही. घरी अप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ते मी सहन केलं.

एवढ्यावर थांबले असते तर माझी हकिगत बरी दिसली असती. पण त्याच दिवशी दुपारी मॅनेजरांनी मला ऑफिसात बोलावलं.

ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, टेबल आणि पंखा. त्यांनी बसायला सांगितलं. समोर उमेदवारांची फाइल होती. म्हणाले, मुंबई ऑफिस विचारतंय की पदवीधर उपलब्ध असताना बारावीची मुलगी का घेतली. त्यांना उत्तर लिहायचं होतं. त्यांनी मधूचा पेपर काढला. लेखी परीक्षेत शंभरपैकी त्र्याण्णव. दुसऱ्या नंबरला एकाहत्तर. मला अठ्ठावन्न.

“हा तुमच्याच वाडीचा ना?” ते म्हणाले. “लेखी इतकं चांगलं, आणि तोंडी एक शब्द नाही. आजारी असतो का? काही दोष आहे का बोलण्यात?”

मी त्या पेपराकडे पाहत होते. मधूचं अक्षर सुंदर होतं, प्रत्येक ओळ सरळ.

“मी तुम्हाला स्पष्टच सांगतो,” ते पुढे म्हणाले. “तो बोलला असता तर ही जागा त्याची होती. काही कारण असेल तर मी त्याला पुन्हा बोलावू शकतो. तीन महिने तुमचंही कायम नाही. कारण नसेल तर फाइल बंद करतो. तुम्हाला माहीत आहे का काही?”

मॅनेजर भले गृहस्थ होते. त्यांनी मला खरं तेच विचारलं होतं, आणि खरं मला पाठ होतं. सड्यावरून चालताना मधूने जे सांगितलं ते चार वाक्यांत सांगता आलं असतं. साहेब हसले असते कदाचित, पण त्यांनी मधूला बोलावलं असतं. या वेळी मधू बोलला असता, कारण लवूला नोकरी मिळालीच नव्हती आणि मधूचा शब्द सुटला होता. मग जूनमध्ये माझी ट्रंक बांधली गेली असती. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं. मी गोंधळले असं म्हणणार नाही. माझं डोकं त्या वेळी अगदी ताळ्यावर होतं.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “मला काही ठाऊक नाही.”

ते बरं म्हणाले. त्यांनी मधूच्या पेपरावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि तो फाइलच्या तळाशी ठेवला. मला म्हणाले, चार वाजता पहिल्या पेट्या येतील, तयार राहा.

संध्याकाळी सुटल्यावर मधू सड्यावर माझी वाट बघत होता. देवळातून निघून गेल्याबद्दल वाडीत काय काय बोललं जातंय ते त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू येत होतं. गुरुदासकाका चिडलेत, पण तू भिऊ नको, ते चार दिवसांत थंड होतील, असंही म्हणाला. त्याच्या आईने माझ्यासाठी केळ्याच्या पानात बांधून खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. आम्ही चालू लागलो. वाटेत तो एकदम म्हणाला,

“बरा झाला गो, तुका तरी गावली. सायबान माझा काय इचारल्यान?”

“नाय,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. साहेबांनी विचारावं अशी त्याला फारशी आशा नव्हती, एवढं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तेच मला सहन झालं नाही. वडी माझ्या हातात होती, ती मी खाल्ली. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो समजला की दिवसभराचा शीण आहे. म्हणून त्याने माझी पिशवी घेतली आणि वाडीपर्यंत आणून दिली.

मे महिन्याच्या अखेरीस मधू मुंबईला एका गोदामात कामाला गेला. आईला घेऊन जायला त्याला अकरा वर्षं लागली. मी तीन महिन्यांनी कायम झाले.

कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाच मिनिटं असताना मी फाटकात होते.